मेरीलँडच्या तोफा आणि शास्त्रींची सही



हा भाग करायचं ठरलं तेव्हा आमच्या दुर्गाघाटावरच्या एका काकांनी मला गल्लीतच थांबवलं. म्हणाले, "अरे, आपल्या गंगेत बजड्याहून मोठं काही चालत नाही आणि तू अमेरिकेच्या युद्धनौकेवर बोलणार? पेशव्यांचे घाट संपले का?" काकांचं चुकलं नाही. काशीत बसून मराठी माणसानं बोलावं असे विषय ठरलेले आहेत. पण या युद्धनौकेच्या गोष्टीत एक कागद आहे. त्या कागदावर एका माणसाची सही आहे. तो माणूस पुण्यातल्या एका संस्थेचा अध्यक्ष होता आणि त्या संस्थेच्या संस्थापकानं आपलं एक मोठं भाषण याच काशीत केलं होतं. म्हणून म्हटलं, आज जरा लांबून येऊ.

आधी बोट बघू. नाव मेरीलँड. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली ६ एप्रिल १९१७ ला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत मेरीलँडचं बांधकाम सुरू झालं. ती पाण्यात सोडली २० मार्च १९२० ला आणि नौदलात दाखल झाली २१ जुलै १९२१ ला. म्हणजे ज्या युद्धाच्या धामधुमीत ती जन्मली, ते युद्ध ती तयार होईपर्यंत संपलेलं होतं. लग्न आटोपल्यावर वाजंत्री यावेत, तसं.

पण वाजंत्री जबरदस्त होते. लांबी ६२४ फूट, म्हणजे १९० मीटर. आपला राजघाटाचा मालवीय पूल एक किलोमीटरहून थोडा जास्त आहे; त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या बोटीनं व्यापला असता. वजन साडेबत्तीस हजार टनांच्या आसपास, वर हजाराहून जास्त माणसं. आणि तोफा आठ, प्रत्येकीचं तोंड १६ इंच रुंद. अमेरिकेच्या कुठल्याही युद्धनौकेवर त्याआधी एवढी तोफ बसली नव्हती. एक गोळा जवळजवळ एक टनाचा, आणि तो तीस किलोमीटरपर्यंत जायचा. दशाश्वमेधावर ही बोट उभी आहे असं क्षणभर धरा, म्हणजे चुनारचा किल्ला तिच्या माऱ्यात आला.

तिच्या पोटातली व्यवस्थाही सांगण्यासारखी आहे. साध्या आगबोटीत वाफेवर टर्बाइन फिरतं आणि ते दात्यांच्या चाकांमार्फत पंखा फिरवतं. मेरीलँडमध्ये तसं नव्हतं. वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र, जनित्रातून वीज आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारींनी चार पंखे फिरायचे. म्हणजे तळाशी एक अख्खं वीजघरच. फायदा असा की बोट मागे घ्यायची तर मोटारी उलट्या फिरवायच्या, पूर्ण ताकद मागेही मिळते. आणि मधल्या भिंती जास्त घालता येतात, त्यामुळे एका ठिकाणी भोक पडलं तर सगळी बोट भरत नाही. वेग मात्र ताशी २१ नॉट, म्हणजे एकोणचाळीस किलोमीटर. हत्तीची चाल. त्या वेळी अमेरिकेचा विचारच असा होता की चिलखत आणि तोफ आधी, पळणं नंतर.

आता ही नवी कोरी बोट नौदलात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली. १२ नोव्हेंबर १९२१. अमेरिका, ब्रिटन आणि जपान हे तिघं एकमेकांकडे बघून नौका बांधत सुटले होते. युद्ध संपलं होतं, कर्जं डोक्यावर होती, तरी गोद्यांमध्ये हातोडे थांबत नव्हते. परिषदेचा अध्यक्ष होता अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज. पहिल्या दिवशी पाहुण्यांचं स्वागत करायचं, दोन गोड शब्द बोलायचे, अशी सगळ्यांची अपेक्षा. ह्यूज उभा राहिला आणि त्यानं सरळ यादीच वाचली. आमच्या ३० नौका मोडीत काढतो, तुम्ही १९ काढा, जपाननं १७ काढाव्यात. एकूण ६६ नौका, पावणेएकोणीस लाख टनांहून जास्त. ब्रिटिश दरबारी लोकांसमोर त्यांच्याच नौकांची नावं घेऊन सांगितलं, ही, ही आणि ही. तिथे बसलेल्या अॅडमिरल मंडळींच्या चेहऱ्यांची तुम्ही कल्पना करा.

यातून पुढे जो तह झाला त्यात प्रमाण ठरलं ते ५:५:३. अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५ लाख २५ हजार टन, जपान ३ लाख १५ हजार, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी पावणेदोन लाख. नवीन युद्धनौका ३५ हजार टनांहून मोठी नको, तोफ १६ इंचांहून मोठी नको आणि दहा वर्षं बांधकामच बंद.

गाडी अडली ती जपानच्या मुत्सु नावाच्या बोटीवर. तीही १६ इंची तोफांची. अमेरिका आणि ब्रिटन म्हणत, ही अपुरी आहे, मोडा. जपान म्हणे, ती ऑक्टोबरातच नौदलात दाखल झाली आहे. शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे जमवून तिला हातभार लावलाय, असंही सांगितलं जाई. ती मोडली तर घरी काय तोंड दाखवायचं? शेवटी मुत्सु वाचली. मग तोल साधायला अमेरिकेनं मेरीलँडच्या दोन बहिणी, कोलोराडो आणि वेस्ट व्हर्जिनिया, पुऱ्या करून घेतल्या आणि ब्रिटननं नेल्सन आणि रॉडनी या दोन नव्या बांधायच्या ठरल्या. अमेरिकेच्या तीन, जपानच्या दोन, ब्रिटनच्या दोन: १६ इंची तोफांच्या अशा सात नौका सगळ्या जगात. पुढची बरीच वर्षं हा आकडा सातच राहिला.

चौथी बहीण होती, तिचं नाव वॉशिंग्टन. तिचं दैव बघा. ज्या शहरात तह झाला त्याच नावाची, तीन चतुर्थांश बांधून झालेली. तिचं काम थांबवलं आणि नोव्हेंबर १९२४ मध्ये तिला समुद्रात ओढत नेऊन निशाण म्हणून वापरलं. पाणसुरुंग लावले, बाँब लावले, ती काही बुडेना. कित्येक दिवसांनी टेक्सस नावाच्या जुन्या युद्धनौकेनं तोफा डागल्या तेव्हा कुठे ती तळाला गेली. एवढी भक्कम वस्तू बांधून आपणच फोडायची, हे तिथल्या कामगारांना कसं वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आता कागदाकडे येऊ. ६ फेब्रुवारी १९२२ ला या तहावर सह्या झाल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीनं बाल्फोर वगैरे मंडळींनी केल्या. मग कॅनडाची वेगळी सही, ऑस्ट्रेलियाची वेगळी, न्यूझीलंडची वेगळी. दक्षिण आफ्रिकेचा स्वतःचा माणूस नव्हता, त्यांच्यासाठी बाल्फोरनंच सही केली. आणि साम्राज्याच्या यादीत सगळ्यात शेवटी, भारतासाठी: श्रीनिवास शास्त्री.

बनारसमध्ये 'शास्त्रीजी' म्हटलं की माणसं रामनगरच्या लालबहादुरांचं नाव घेतात. त्यांचं 'शास्त्री' हे काशी विद्यापीठाच्या पदवीचं आहे. हे शास्त्री वेगळे. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, तंजावरकडच्या वलंगैमानचे, जन्म १८६९. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे हेडमास्तर होते. १९०७ मध्ये ती नोकरी सोडून ते पुण्याला आले आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तुटपुंजा निर्वाह, आयुष्यभराची शपथ, सगळं जीवन सार्वजनिक कामाला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले आणि समाजाचं अध्यक्षपद शास्त्रींकडे आलं. म्हणजे १९२२ साली वॉशिंग्टनच्या टेबलाशी बसलेला हा माणूस एका तामिळ घरातून आलेला, पण पुण्यात गोखल्यांच्या गादीवर बसलेला होता. गोखल्यांना गुरू मानणारे गांधी या शास्त्रींना मोठ्या भावासारखे मानत, जरी राजकारणात दोघांचं जमत नसे.

आणि गोखल्यांचं काशीशी नातं काय? १९०५ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्ष गोखले होते. भारत सेवक समाज त्याच वर्षी जूनमध्ये निघालेला. अध्यक्ष अवघ्या ३९ वर्षांचा. त्या वेळी वाद काय पेटला होता, माहीत आहे? प्रिन्स ऑफ वेल्स तेव्हा हिंदुस्थानात आले होते, त्यांच्या स्वागताचा ठराव करायचा की नाही. बंगालची नुकतीच फाळणी झालेली, बंगाली प्रतिनिधी संतापलेले. लाला लजपत राय विरोधात. गोखल्यांना स्वागत हवं होतं. तो युवराज मुंबईला उतरला ज्या बोटीवरून, तिचं नाव होतं रिनाउन. ही युद्धनौकाच.

सोळा वर्षांनी त्याचा मुलगा आला, तोही प्रिन्स ऑफ वेल्स. १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईला उतरला, म्हणजे ह्यूजनं आपली यादी वाचल्यानंतर पाचव्या दिवशी. बोटीचं नाव पुन्हा रिनाउन! जुनी मोडीत गेली होती, ही नवी, १५ इंची तोफांची. मुंबईत बहिष्कार, हरताळ, आणि मग दंगल. पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधींनी उपवास धरला. तोच युवराज १३ डिसेंबरला काशीला आला. लंकेच्या पलीकडे मालवीयजींचं हिंदू विद्यापीठ, तिथे त्याला सन्मानाची पदवी दिली. विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली. मालवीयजींवर टीका झाली. आणि त्याच गावात, त्याच वर्षी १० फेब्रुवारीला, गांधींच्या हस्ते काशी विद्यापीठ सुरू झालेलं, सरकारचा पैसा न घेता चालवायचं म्हणून.

म्हणजे बघा, काशीच्या या टोकाला युवराजाला पदवी, त्या टोकाला सरकारशी असहकार. आणि त्याच महिन्यात समुद्रापलीकडे गोखल्यांचा वारस साम्राज्याच्या शिष्टमंडळात बसून युद्धनौकांची टनावारी मोजतोय. देशातल्या पुष्कळ लोकांना शास्त्री तेव्हा सरकारचे वाटत होते, आणि मी याला निव्वळ गैरसमज म्हणणार नाही. त्यांना निवडलं होतं सरकारनं. लोकांनी निवडून पाठवलेला माणूस तिथे नव्हताच. सही झाली ६ फेब्रुवारीला. दोन दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, इथून उत्तरेला गोरखपूरजवळ चौरीचौऱ्याची चौकी पेटली होती. १२ तारखेला बारडोलीत आंदोलन थांबवलं गेलं. त्या आठवड्यात हिंदुस्थानातल्या घराघरांत चर्चा कशाची असेल ते सांगायला नको. वॉशिंग्टनच्या कागदाची तर नक्कीच नसेल.

आणि मुख्य गोष्ट. युद्धनौका कमी करायचा तह, त्यावर भारताची सही. भारताकडे युद्धनौका किती होत्या? एकही नाही. रॉयल इंडियन मरीन नावाचं दल होतं. त्याचं काम सैन्य वाहून नेणं, किनाऱ्यांची मोजणी, दीपगृहं. लढाऊ नौदल नव्हे. त्यात एकही हिंदी अधिकारी नव्हता. पहिला १९२८ मध्ये झाला, डी. एन. मुखर्जी, तोही इंजिनिअर शाखेत. पण ब्रिटिश नौदलाला भारत दर वर्षी एक लाख पौंड मोजत होता. पंधरा रुपयांना पौंड हा जुना भाव धरला तर पंधरा लाख रुपये वर्षाला. आपल्या बोटी नाहीत, आपले अधिकारी नाहीत, पण वर्गणी नियमित. आमच्या वाड्यात एक म्हण चालते, गणपती शेजारच्यांचा आणि पट्टी आपली. तसं.

मग त्या सहीला काय अर्थ? मी यावर बरीच वर्षं डोकं लावलं आहे. एक बाजू म्हणते, ती शोभेची सही. साम्राज्याला टेबलावर जास्त खुर्च्या हव्या होत्या, म्हणून भारताचं नाव. हे खरंच आहे. दुसरी बाजू मला जास्त खुणावते. व्हर्साय, राष्ट्रसंघ, वॉशिंग्टन, अशा प्रत्येक कागदावर 'भारत' हा शब्द स्वतंत्रपणे लिहिला गेला. पारतंत्र्यात असलेल्या देशाचं नाव आंतरराष्ट्रीय कागदांवर स्वाक्षरीकर्ता म्हणून जमत गेलं. १९३० मध्ये लंडनच्या नाविक परिषदेत पुन्हा भारताची सही आहे, या वेळी सर अतुल चटर्जींची. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेत भारत मूळ सभासद म्हणून बसला, तेव्हा हे जुने कागद उपयोगी पडले. उसनी खुर्ची होती, पण नाव आपलं लिहिलं गेलं. शास्त्रींना याची जाणीव होती, असं त्यांच्या नंतरच्या कामावरून मला वाटतं. त्याच १९२२ साली ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडात गेले आणि तिथल्या हिंदी लोकांना मताचा हक्क द्या म्हणून भाषणं केली. ज्यांच्या शेजारी बसून सही केली, त्यांच्याच घरी जाऊन हिशेब मागितला.

चला, मेरीलँडकडे परत. कारण त्या कागदानं तिचं पुढचं आयुष्य ठरवलं. नवी युद्धनौका बांधायची नाही म्हटल्यावर ही अमेरिकेच्या सर्वांत नव्या, सर्वांत मोठ्या नौकांपैकी एक. पहिल्या उन्हाळ्यात तिनं काय केलं? अॅनापोलिसच्या नाविक विद्यालयाच्या पदवीदानाला हजेरी, मग बॉस्टनमध्ये बंकर हिलच्या लढाईचा स्मरणदिन आणि ४ जुलैचा उत्सव. ऑगस्टमध्ये पहिली परदेशवारी, ब्राझीलच्या स्वातंत्र्याची शताब्दी होती म्हणून रिओ द जानेरोला. आणि त्या ब्राझील दौऱ्यात तिच्याशी जोडलेला पाहुणा कोण? तोच चार्ल्स इव्हान्स ह्यूज. ज्यानं तिच्या जातीच्या इतक्या नौका मोडीत काढायला लावल्या, त्याच्याच दिमतीला ती.

१९२३ मध्ये पनामाच्या आसपास सराव, मग जूनअखेर कालव्यातून पलीकडे, प्रशांत महासागरात. तिथून पुढे तिचं घर कॅलिफोर्नियाचा किनारा. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची सद्भावनेची फेरी. १९२८ च्या नोव्हेंबरात नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्याला निघाले, त्यांना घेऊन ती सॅन पेड्रोहून निघाली. होंडुरास, निकाराग्वा, इक्वाडोर, पेरू असं करत चिलीपर्यंत पोचवलं. तिथून ते आगगाडीनं अँडीज ओलांडून गेले आणि परत आले ते युटा नावाच्या दुसऱ्या युद्धनौकेवरून. एक टनाचे गोळे फेकणारी बोट, आणि काम काय, तर पाहुणे ने-आण करायचं. तिला मी उपहासानं टांगा म्हणत नाही. तोफा न उडवता वीस वर्षं गेली, तर ते तिचं अपयश कसं म्हणायचं? पण तिच्यावरच्या गोलंदाजांना वर्षानुवर्षं लाकडी निशाणांवरच नेम धरावा लागला, हेही खरं.

आणि एक गंमत. तह करणाऱ्यांचं लक्ष सगळं मोठ्या तोफेवर होतं. विमानाकडे कुणी फारसं बघितलं नाही. तहानं मोडीत जाणाऱ्या नौकांच्या दोन सांगाड्यांवर विमानवाहू बोटी बांधायची मुभा दिली, त्यातून अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि साराटोगा झाल्या. जपाननं कागा तशीच वळवली. मेरीलँडवरही विमान फेकणारं नव्या धर्तीचं यंत्र बसवलं होतं, पण ते विमान उडायचं गोळे कुठे पडतात ते बघायला, तोफेचा चाकर म्हणून. कागदात जी वस्तू मोजली, ती थांबली. जी सैल सोडली, ती वाढली.

डिसेंबर १९३४ मध्ये जपाननं तह सोडत असल्याची सूचना दिली आणि १९३६ च्या अखेरीला तो संपला. त्या मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९३४ ला, मुंबईत रॉयल इंडियन मरीनचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. १९३८ मध्ये ती एक लाख पौंडांची वर्गणीही सुटली, अट अशी की त्याऐवजी आपण सहा संरक्षक नौका ठेवायच्या.

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी मेरीलँड पर्ल हार्बरमध्ये फोर्ड बेटाला लागून उभी होती. तिच्या बाहेरच्या अंगाला ओक्लाहोमा नावाची नौका. पाणतीर आले ते ओक्लाहोमाला लागले, ती उलटी झाली, तिच्यावरचे ४२९ लोक गेले. मेरीलँड आडोशाला होती म्हणून दोन बाँबवर निभावलं. हल्ला केला विमानांनी, आणि हल्ल्याचा हुकूम देणारा यामामोतो बसला होता नागातोवर. ती मुत्सुची बहीण, सातांतली एक.

नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावाच्या बेटावर मेरीलँडच्या १६ इंची तोफा शत्रूवर कडाडल्या, तेव्हा तिला नौदलात येऊन बावीस वर्षं झाली होती. पहिल्याच धडाक्याच्या हादऱ्यानं तिच्यावरची स्वतःची संदेशयंत्रणा बिघडली. १९५९ मध्ये ती भंगारात गेली. तिची घंटा तेवढी अॅनापोलिसला, मेरीलँड राज्याच्या विधानभवनाच्या आवारात ठेवली आहे.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण पुढच्या वेळी घाटावर ये." तर मंडळी, पुढचा भाग पंचगंगा घाटावर.